बिनसाखरेचा अपमान

सुराबाया, ३ मार्च १९९६

ती. विद्योनोदादास,
पुर्वंतीचा शि. सा. न. वि. वि.

घरी पोचले, पण डोकं अजून तापलेलंच आहे. बाबांच्या निधनानंतरच्या हजाराव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी सगळ्यांना बिनसाखरेचा चहा दिला, साखर वेगळी ठेवली. तर तुम्ही भरल्या पाहुण्यांत विचारलंत, की या घरात साखरेचा दुष्काळ पडलाय का. बाबांचा पाय मधुमेहानंच गेला, मग बाबाही गेले, आणि त्यांच्याच प्रार्थनेला तुम्ही चार चमचे ढवळत होतात.

तुमच्या पायाच्या बोटांमधली जखम मी पाहिली. महिना झाला, दुखत नाही म्हणालात. दुखत नाही याचीच मला धास्ती आहे. दिवसभर कचेरीतली खुर्ची, कोपऱ्यावर जायलाही मोटारसायकल, पट्ट्याला दरवर्षी नवं भोक. शेजारच्या टेबलांवरचे लोक गोळ्या घेतात ते दिसत नाही का? रक्त तपासून घ्या, नाहीतर पाय घालवून बसाल.

हवं तर रुसा, पण लोभ तोडू नका.
पुर्वंती

सोलो, ११ मार्च

चि. पुर्वंतीस अनेक आशीर्वाद.

नवरा ऐकत नाही म्हणून भावावर डॉक्टरकी सुरू केलीस वाटतं. आपल्याकडे चहा म्हणजे नसगितेल: गरम, गोड, दाट. फिका चहा नकोशा पाहुण्यालाही कुणी देत नाही, तू तो मामांपुढे ठेवलास. मान खाली घालावी लागली मला.

माझी काळजी नको. काढेवाली रोज सकाळी येते, तिचा ग्लासभर कडू काढा घेतो. कडू पोटात गेलं की गोडाला खाऊन टाकतं. तोंडाचा कडूपणा जावा म्हणून वर ती गुळाचं सरबत देते, तेही फुकट. आणि हा आजार म्हाताऱ्यांचा. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, ताई नव्हेस तू माझी.

तुझ्या रागासकट आशीर्वाद.
दादा

सोलो, १९ एप्रिल

चि. सौ. पुर्वंतीस वुर्यानीवहिनीचे आशीर्वाद.

जखम आत सडली होती. यांचा पाय वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. आता घरी पडून काढेवालीच्या नावानं बोटं मोडतात, जणू तिनेच यांना खुर्चीला बांधून ठेवलं होतं. मामा भेटायला आले ते गोड केक घेऊन. मी तो दारातूनच परत दिला, त्यांना राग आला तर येऊ दे.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. मी म्हटलं, माझं कशाला, मी तर काडी. माझी साखर यांच्याहून जास्त निघाली. वर्षभर मला तहान लागते, थकवा येतो, आणि सगळ्यांनी ते उकाड्यावर ढकललं. लग्न झाल्यापासून प्रत्येक कपाची गोडी मी आधी चाखून पाहते, कमी पडली तर बोलणी मलाच ना.

मला संताप आला आहे, पुर्वंती, आणि तुझाही. तुम्ही भाऊबहीण कपभर चहावरून भांडलात, पण वहिनीचंही रक्त तपासू या, असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

सोमवारी मी तुझ्याकडे येते. तिथल्या डॉक्टरांना दाखवेन, आठवडाभर राहीन. मामांनी विचारलं, मग विद्योनोच्या जेवणाचं काय. मी सांगितलं, त्यांची हातांची दहाही बोटं शाबूत आहेत.

लोभ आहेच, त्यात आता माझीही विचारपूस असू दे.
वुर्यानी