कंबर बत्तीस

३ मार्च, मंगळवार

नवऱ्याचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. साखर एकशे बारा! मी वहीत लिहिलं. त्याने बोट तोंडात घातलं आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

"एकशे बारा आलीय, ऐकलंस का?"

"ऐकलं."

आठ वर्षांत उपाशीपोटी इतका चांगला आकडा नाही. खाली दोन रेघा मारल्या.

४ मार्च

एकशे आठ.

७ मार्च, शनिवार

तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. साडेआठवरून सहा पॉइंट चार. डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मास्तर, हा तर भिंतीवर लावायला हवा!" वजन आठ किलो कमी. त्याचंही कौतुक. मला म्हणाल्या, "श्रेय तुमचं हं." मी कसलं हो, कसलं हो म्हणत राहिले. आतून फुगले. त्याच्या ताटातला घास न् घास मी मोजते, उगाच नाही.

तो हसला. गिऱ्हाइकाकडे बघून हसतो तसा.

संध्याकाळी धाकटीचा फोन. "बाबा, हिरो झालात की!" त्याने फोन माझ्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय तिला." तिला त्याच्याशीच बोलायचं होतं.

१० मार्च, मंगळवार

शिलाईचं दुकान आमच्याच पुढच्या खोलीत. सहज डोकावले. इस्त्री थंड. हँगरवर तीन कोट, कच्च्या टाक्यात, एकेक बाही लावलेली. पोस्टमन ट्रायलला तिसऱ्यांदा आला होता.

"मास्तर, तोवर माझं पोट सुटेल. पुन्हा माप घ्यावं लागेल!"

एरवी हा म्हणाला असता, पोटासाठी दोन इंच आधीच सोडलेत. आज म्हणाला, "उद्या."

पोस्टमन गेल्यावर मी तोंड सोडलं. आळस भिनलाय तुझ्या अंगात! तो म्हणाला, "शुगरने थकवा येतो."

"शुगर तर उत्तम आहे!"

त्याने थंड इस्त्री उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

११ मार्च

एकशे चार. पहाटेपासून टक्क जागा असतो. विचारलं तर म्हणतो, झोप झाली.

१४ मार्च, शनिवार

धुणं वाळत घालत होते. त्याची राखाडी पँट झटकली आणि हाताला काहीतरी टोचलं. सेफ्टीपिन! कंबर दुमडून पिन लावलेली. शेजारी जुन्या भोकांच्या दोन जोड्या. म्हणजे पिन दोनदा सरकवली आहे.

पस्तीस वर्षं हा माणूस लोकांच्या कमरा मोजतोय. समारंभाला गेलो तर ताट बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या खांद्यांची शिवण बघतो. स्वतःची पँट अर्धा इंच सैल झाली तर त्याच संध्याकाळी उसवणार. लग्नानंतर दुकानात मला पहिलं काम हेच दिलं होतं. तो माप सांगायचा, मी लिहायचे. चुकले की, "कान कुठे आहेत बाईसाहेबांचे?"

आणि आता पिन.

तो आंघोळीला गेल्यावर दुकानात गेले. चिंध्यांच्या टोपलीत तळापर्यंत हात घातला. कटिंगच्या खाकी कागदात, मी रोज दुकानात पोचवते ते दुपारचं जेवण, घडी घालून. चार पुड्या. चार दिवस. त्याआधीच्या कधीच कचऱ्यात गेल्या असणार.

म्हणून एकशे आठ. म्हणून एकशे चार! गोळी पोटात आणि अन्न टोपलीत. चक्कर येऊन मशीनवर कोसळला असता तर? आणि मी रेघा मारत होते.

१५ मार्च, रविवार

पुड्या समोर ठेवल्या. ओरडायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

"चव लागत नाही," म्हणाला. मग, "कापड हातात घेतलं तरी काही वाटत नाही. पूर्वी बोटांनाच कळायचं."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"मला सांगायचंस ना!"

"तू रोज आकडा विचारायचीस. आकडा चांगला यायचा."

आत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

दुपारी थोरले दीर आले. त्यांचं औषध तयारच असतं. "अरे, मनाला लावून घेऊ नकोस, चार माणसांत बसत जा." हा मान हलवत राहिला. चार माणसांत बसला होताच की तो. आमच्यात.

१६ मार्च, सोमवार

एकटीच गेले. पुड्या, पिन, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सात तारखेचा तोच रिपोर्ट पुन्हा काढला.

"चुकलं माझं. थकवा, झोप, भूक, आम्हीसुद्धा सगळं शुगरच्या माथी मारतो. शुगरच्या पेशंटमध्ये नैराश्य पुष्कळदा असतं. नुसता रिपोर्ट बघितला की निसटतं." दुपारची गोळी तूर्त बंद करायला सांगितली. उद्या दोघांनी यायचं. मग आवाज उतरवून, "जीव नकोसा झालाय असं कधी बोलले?"

माहीत नाही, मी म्हणाले.

"आजच विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. असेल ते बाहेर येतं."

घरी आले. तो मशीनपाशी. दोरा न ओवता चाक हाताने फिरवत होता. विचारलं. जसंच्या तसं.

चाक थांबलं. "मरावंसं नाही वाटत. सकाळ होऊ नये असं वाटतं."

मग म्हणाला, "बरं झालं विचारलंस."

१७ मार्च, मंगळवार

सकाळी वही उघडली नाही. त्याच्या गळ्यातली टेप घेतली आणि म्हटलं, सरळ उभा राहा. बत्तीस. "छत्तीस होती," तो म्हणाला. मी म्हटलं, पँट दे, उसवते. "तू? नको, कापडाची वाट लावशील. आधी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

पिन लावूनच गेलो.