यमुना मीटिंगमध्ये का बोलत नाही

४ ऑगस्ट ९८, आसनगाव
शाळेत शिवणाच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "गप्प मुलीला विचारायला वेळ लागतो, आणि तासाला तेवढा वेळ नसतो." ती गप्प मुलगी मी. इतक्या वर्षांनी ते वाक्य आज नाशिकच्या प्रशिक्षणाहून परतताना गाडीत आठवलं.

दोन दिवस नुसतं मीटिंगवर बोललो. कुणी बोलता बोलता विचार करतं, कुणी विचार करून मग बोलतं. कुणाला चित्र काढून सांगायला जमतं, कुणाला चारचौघांत घाम फुटतो. आणि आपण सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून म्हणतो, "हं, तुमच्या गावचं सांगा." ऐकताना शहापूरच्या ऑफिसातले आमचे आरोग्यसेवक एकेक करून डोळ्यांसमोर येत होते. दामूभाऊ, सुशीला, विठ्ठल, यमुना. कधी एकदा मीटिंग घेते असं झालंय.

घरी ह्यांना सांगत सुटले. "मग मी कुठल्या प्रकारात?" म्हणाले. म्हटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या. हसले आणि पेपर वर धरला.

१४ ऑगस्ट
आजची मीटिंग. काय सांगू.

टेबल बाहेर काढलं. सतरंजीवर गोल बसलो. प्रश्न आधीच कळवले होते. वर नियम असा की सुरुवातीला पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसता विचार. दामूभाऊ म्हणाले, "पाच मिन्टं? मॅडम, मी झोपेत पन एवढा गप नसतो." पण बसले बिचारे, गुडघा हलवत.

विठ्ठल आजवर "बरं चाललंय" यापुढे गेला नव्हता. त्याला खडू दिला. त्याने फरशीवर आख्खा पाडा काढला, कुठल्या घरात ताप, कुठल्या विहिरीचं पाणी खराब. सुशीलाला सगळ्यांनी बघितलं की रडू येतं. ती माझ्या कानात सांगत गेली, मी मोठ्याने बोलत गेले. शेवटी तीच म्हणाली, "तसं नाय बाई, तुमी चुकीचं सांगताय," आणि स्वतः बोलायला लागली. मला तर उठून नाचावंसं वाटलं.

यमुना मात्र पदर पुढे ओढून, नजर गुडघ्यांवर. "ठीक हाय." संपलं.

आमचे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, कल्याणहून येतात. जाताना म्हणाले, "ती नुसती हजेरीला येते. दिवाळीच्या मीटिंगमध्ये बोलली नाही तर तिच्या जागी दुसरी घेऊ." मी म्हटलं, सर, तिच्या गावातल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या त्या तिच्यामुळे. "मग तसं तिने सांगावं ना."

त्यांचंही चूक नाही. त्याचाच जास्त राग येतो.

११ सप्टेंबर
नवा प्रयोग. बोलका आणि अबोल अशी जोडी लावायची, दोघांनी आपसात बोलायचं, मग एकाने सर्वांना सांगायचं. दामूभाऊ आणि यमुना एकाच गावचे, आडनावही एक. (त्या गावात निम्म्यांचं तेच आहे.) म्हटलं, हिला परकं वाटणार नाही. मोठ्या उत्साहात मी म्हणाले, "दामूभाऊ, सरका यमुनाजवळ."

सुशीला छताकडे बघायला लागली. विठ्ठलला खोकला आला. दामूभाऊ उठले, "सायकल उन्हात हाय माझी," म्हणाले आणि बाहेर गेले. बाहेर आभाळ भरलेलं. यमुनाचा पदर नाकापर्यंत.

मीटिंग तिथेच विझली. काय केलं मी नेमकं?

१२ सप्टेंबर
कळलं.

सुशीलाबरोबर मुरबाडला जीपने गेले. वाटेत ती हसू दाबत होती, शेवटी फुटलीच. "मोठा दीर हाय तो तिचा, सख्खा. आणि तुमी जोडीला बसवला."

"म्हणजे ती त्याच्यासमोर बोलतच नाही?"

"अवो, तो घरात आला का ती चुलीकडं. तो बी बोलत नाय. मधे कोनतरी लागतं."

तेव्हा आठवलं. दामूभाऊ नेहमी मला सांगतात, "मॅडम, त्यांना सांगा, औषधाची पिशवी राहिली." आणि यमुना हाताच्या अंतरावर उभी. मला वाटायचं, केवढा अदबशीर माणूस. मी शहरात वाढलेली, माझ्या मोठ्या दिरांशी भांडून पत्ते खेळते. प्रशिक्षणातले सगळे प्रकार पाठ केले, पण त्यात 'शेजारी दीर बसलाय' हा प्रकार नव्हता.

२६ सप्टेंबर
फक्त बायकांची मीटिंग घेतली, ऑफिसच्या मागच्या पडवीत. यमुना बोलली. बोलली म्हणजे काय, थांबेना. सरांची नक्कल केली, चष्मा वर सारत, "थोडक्यात, थोडक्यात." सुशीलाला ठसका लागला. मग एक हकिकत. एक सासू सुनेला दवाखान्यात जाऊ देईना. ही काही समजवायला गेली नाही. त्यांच्या ओटीवर बसून म्हातारीबरोबर तांदूळ निवडत राहिली. संध्याकाळी म्हातारीच म्हणाली, "बसलीस काय गो, ने तिला."

परतताना गुणगुणत होते मी. स्टेशनात लोक बघत होते, बघू देत.

सरांना फोन केला. "छान. पण मला सगळ्यांसमोर ऐकायचंय. उद्या तिला बाहेरच्या लोकांपुढे बोलावं लागेल, तिथे पडवी नसते."

१० ऑक्टोबर
यमुना औषधं न्यायला आली. विचारलं, दामूभाऊंना तेवढा वेळ बाहेर बसवू का?

"त्यांना कशाला उठवता? त्यांचं पन कामच हाय ना ते."

मग पाठ करून बसशील?

"पाठ केली म्हनून काय दीर दुसरीकडं जातो?" बराच वेळ गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी स्वतः सांगितलं ना, तर बोलन. मग घरात कोन काय म्हनल? पन ते नाय सांगायचे. लग्न झाल्यापास्नं माझ्याशी एक शब्द नाय."

"मी विचारू त्यांना?"

"विचारा. नायच म्हनतील." आणि हसली, पडवीतलं हसू. काम सोडायचं नाहीये तिला, हे मात्र दोनदा म्हणाली.

हे मी तिच्यासाठी करते आहे की माझा प्रयोग पुरा व्हावा म्हणून? दोन्ही असावं. पण ती "विचारा" म्हणाली, हे खरं.

१५ ऑक्टोबर
उद्या दिवाळीची मीटिंग.

आज तानशाच्या बाजूला त्यांच्या गावी जाऊन आले. दामूभाऊ अंगणात विळ्याला धार लावत होते, भातकापणी तोंडावर. चहा झाला. ते पिकावर बोलले, विठ्ठलच्या खडूवर बोलले, जावयाच्या नव्या दुकानावर बोलले. त्यांची आई शेजारी बसलेली, माझ्यावरून नजर हलवेना. तिच्यासमोर मला विचारता येईना. मीच यमुना झाले.

निघताना ते स्वतःच म्हणाले, "मला बाहेर बसायला सांगायला आलात ना? सांगा की. मी काय वाघ हाय?"

म्हटलं, नाही, तुम्ही आत हवे आहात. त्यांना काही कळलं नाही.

उद्या ऑफिसच्या दारात, चपला काढताना गाठणार आहे. नाही म्हणतील. घरात आई आहे, गावात तोंड दाखवायचं आहे, आणि मीटिंगपेक्षा घर जुनं. सगळं पटतं मला. तरी विचारणारच. एका दमात म्हणायचं, मध्ये थांबले तर सायकल उन्हात असेल:

दामूभाऊ, आज सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडाने, तिचं नाव घेऊन एवढंच म्हणाल का, "यमुना, तू सांग"?