लंगड्याच्या मुखवट्याचा वारस

मी, पे सुन-दोक, वय शहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार सोलमे गाव, दक्षिण ग्योंगसांग प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा पाय पोलिओमुळे चौथ्या वर्षापासून ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्र पायाने लिहीत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकटा भाऊ जोंग-ग्यू याने आणून पाहिला, त्याला जमले नाही.

एक. राहते घर पुतणी ह्ये-रिम हिला द्यावे. दारातला उंबरठा मी काढून टाकला आहे, तो तिने परत बसवू नये. बिनउंबरठ्याचे घर शोभत नाही असे जोंग-ग्यू म्हणतो. त्याने हवे तर आपल्या घराला दोन बसवावेत.

दोन. शिवणयंत्र आणि बँकेतली सर्व शिल्लक गावच्या मुखवटा-नाच मंडळाला द्यावी. शिल्लक फक्त रंगमंचाला उतरण बांधण्यासाठी वापरावी. दरवर्षी चौघांनी मला पायऱ्यांवरून उचलून न्यायचे आणि फोटो त्या चौघांचा छापून यायचा, हे पुरे झाले.

तीन. लंगड्याचा मुखवटा. हा माझ्या मालकीचा आहे, आणि तो कसा झाला हे लिहून ठेवणे भाग आहे, कारण जोंग-ग्यूला तो संग्रहालयाच्या काचेत ठेवायचा आहे.

सुगीच्या सणाला गावात नाच होई. लंगड्याचा प्रवेश आला की वडील मला उचलून घरात नेत. गाव हसतंय एवढे आतून ऐकू येई. एकोणिसाव्या वर्षी मी मंडळाचे कपडे शिवू लागले, तेव्हा तो प्रवेश प्रथम पाहिला. लंगडा व्हायचा मा दोंग-चुल, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, गोड पोरगा. जाताना डाव्या पायाने लंगडायचा, येताना उजव्या.

मी त्याला म्हटले, "अरे, एक पाय ठरव."

"ताई, लोक हसतात ना? मग झालं."

अशी बरीच वर्षे गेली. मग १९९४ साली शहरातून दोन साहेब आले. एक म्हणाले, या प्रवेशाने अपंगांचा अपमान होतो, काढून टाका. आमचे अध्यक्ष म्हणाले, पूर्वजांचा आहे, हात लावू देणार नाही. त्या लोकांना काय वाटत असेल, यावर दोन तास बोलणे चालले. मी त्याच खोलीत बाह्यांना अस्तर लावत बसले होते. शेवटी दोरा दातांनी तोडून म्हटले, "प्रवेश राहू द्या. पण मला द्या."

दोंग-चुल म्हणाला, "ताई, तू कशी नाचणार?"

"तू नाचलास की इतकी वर्षं. तुला तर धड लंगडताही येत नव्हतं."

दोंग-चुलने उठून मुखवटा माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः जमीनदाराचे काम घेतले.

पहिल्या प्रयोगाला कोणीही हसले नाही. बायका डोळे पुसू लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी "बिचारी गं" म्हणत माझ्या हातात तीळ भरलेली तांदळाची करंजी कोंबली. गावाच्या हसण्याचाही मला जन्मात इतका राग आला नव्हता, जितका त्या 'बिचारी'चा आला. मी मुखवटा वर करून करंजी शांतपणे खाल्ली, तोंड पुसले आणि दोंग-चुलला म्हटले, "मालक, व्हा की पुढं. दोन पाय धडधाकट, तरी मघापासून वाट अडवून उभे."

हे नाटकात नव्हते. तो गडबडला, झग्यात पाय अडकून पालथा पडला. लोक हसले, मावशी सर्वांत जास्त. झगा मी दोन बोटे लांब शिवला होता, हे आज कबूल करते. पुढे तेवीस वर्षे तो दर सणाला त्याच जागी पडला.

चार. ज्या प्राध्यापकांनी माझ्या चालीत देशाच्या फाळणीचे दुःख आहे असे छापले, त्यांना माझी जुनी कुबडी द्यावी. माझ्या चालीत पोलिओ आहे. त्यांनी ती घेऊन एकदा बसथांब्यापासून बाजारापर्यंत यावे आणि मग हवे ते लिहावे.

पाच. दोन वर्षांपूर्वी दोंग-चुलला झटका आला. डावी बाजू गेली. तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही. गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेले. त्याने पायांवर गोधडी ओढून घेतली.

"मंडळात ये," मी म्हटले.

"लोक बघतील, ताई."

"बघू देत."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवले. मग म्हणाला, "दारापर्यंत जायचं तर अंगरखा घामानं भिजतो. तू इतकी वर्षं कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

त्याला रडू आले. मी हवे तितके रडू दिले, मग चहा करायला लावला. अर्धा सांडला त्याने, उरलेला आम्ही प्यालो.

म्हणून मुखवटा माझ्या मरणाची वाट न बघता मा दोंग-चुल याला द्यावा, काचेला नव्हे. अट एकच: येत्या सणाला त्याने तो घालून नाचावे. कसे नाचावे हे मी लिहीत नाही, ते त्याचे त्याने शोधावे. मी तोवर जिवंत असले तर पुढच्या रांगेत बसेन आणि चुका काढीन.

सहा. माझ्या अंत्ययात्रेत रडायला हरकत नाही, जेवण मात्र गरम असावे. पण "सुटली बिचारी, आता वर दोन्ही पायांनी धावत असेल" असे कोणीही म्हणू नये. मी तसे मागितलेले नाही. मला जायचे आहे ते माझ्या चालीने. उशीर झाला तर वरचे थांबतील.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे कळते. तरी दोघांना वाचून दाखवले आहे, म्हणजे पुढे जोंग-ग्यूला माझ्या एकटीशी भांडावे लागणार नाही.

साक्षीदार: १) ओक ग्युम-रान, शेजारीण. २) प्यो मान-सोक, गावचे न्हावी.

ठिकाण: सोलमे. दिनांक: ३ जून २०१९.

पे सुन-दोक (सही व शिक्का)