टर्कीवाल्याच्या घरचा बिनटर्कीचा सण

तीर्थरूप बोर्गहिल्डताईस,

धाकट्या आर्नुल्फचा नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे उभ्या उभ्याच केला आहे, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? अ‍ॅरिझोनाचं ऊन मानवतंय ना? तू पाठवलेला निवडुंगाचा मुरंबा पोचला. चांगला असावा, कारण शेजारच्या एलरॉयने बरणी चाटूनपुसून संपवली आणि एकदाही नाक मुरडलं नाही. इकडे मिनेसोटात सगळं क्षेम आहे. म्हणजे बर्फ घोट्यापर्यंत आहे, यंदाच्या बारा हजार टर्क्या वेळेवर बाजारात गेल्या, शेडमध्ये शुकशुकाट आहे, आणि तुझा भाऊ काल ऐन सणाच्या दिवशी स्वतःच्याच जेवणाच्या टेबलावर तोंडघशी पडला आहे. बाकी ठीक.

माझी मारेन चार वर्षं या घरात जेवलेली नाही, हे तुला ठाऊकच आहे. का, तेही पुढे लिहावं लागणार आहे. पण आत्ता नको, अजून कॉफी झालेली नाही. तर सप्टेंबरात तिचं पोस्टकार्ड आलं. आता टेक्लानेही माझ्यासारखं मांस सोडलं आहे, आम्हा मायलेकींना खाता येईल असं काही करणार असाल तर थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊ, नसाल तर तसं कळवा. एवढंच. (पोरगी माझ्यावर गेली आहे, शाई जपून वापरते.) मी त्याच दिवशी उलट टपाली कळवलं, ‘करतो.’ पाकीट पेटीत पडल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसलो आहे. आपल्या आजोबांनी टर्क्या पाळल्या, वडिलांनी पाळल्या, मी बेचाळीस वर्षं पाळतो आहे. आणि आता या घरात सणाला मधोमध ठेवायची टर्की झाडपाल्याची करायची! तुझी भावजय लोरेन असती तर तिने तासाभरात काहीतरी रांधलं असतं आणि वर मला हसली असती. ती नाही, म्हणून सगळं माझ्या हातात आलं, आणि माझे हात कसे आहेत ते तू लहानपणापासून बघते आहेस.

पहिल्यांदा वाटलं, विकत मिळतं ते आणावं. गावातल्या दुकानात जाण्याची सोय नाही, तिथे मला पाळण्यात असल्यापासून ओळखतात. म्हणून पंचेचाळीस मैल गाडी हाकत शहरात गेलो, टोपी कपाळावर ओढली, आणि गोठवलेल्या मालाच्या कपाटातून तो बिनमांसाच्या टर्कीचा गोळा उचलला. नारळाएवढा असेल. गल्ल्यावरची मुलगी माझ्याकडे बघते, गोळ्याकडे बघते, पुन्हा माझ्याकडे बघते. म्हणाली, “आजोबा, हे शाकाहारी आहे हं. चुकून तर उचललं नाही ना?” मी म्हटलं, माझी तब्येत बरी नसते. गाडीत बसून आरशात पाहिलं तेव्हा कळलं की टोपी आमच्या टर्की उत्पादक संघाची होती, पुढे हा एवढा थोरला पक्षी पिसारा फुलवून उभा.

घरी आणल्यावर मी त्याच्याशी रीतसर वागलो. रीतसर म्हणजे टर्कीच्या रीतीने, दुसरी रीत मला येते कुठे? चार दिवस फ्रिजमध्ये थंडी उतरू दिली, मीठ चोळलं, आणि आपल्याकडच्या पक्ष्यांना जे शिजल्यावर टुणकन वर येणारं लाल बटण टोचतो ना, ते त्यालाही टोचलं. मग भट्टीसमोर खुर्ची टाकून बटण वर यायची वाट बघत बसलो. एक तास, दोन तास, साडेचार तास. बटण काही येईना. ते त्या चिकट गोळ्यात असं गच्च रुतून बसलं होतं की शिजो वा जळो, त्याला वर यायला वाटच नव्हती. शेवटी धूर आला. गोळा बाहेर काढून सुरी लावली तर सुरीचं टोक मोडलं. पाकिटावर ‘सव्वा तास’ असं स्वच्छ छापलं होतं, पण टर्की कशी भाजायची हे पाकिटावर वाचण्याची वेळ आपल्या घराण्यात कुणावर आली आहे?

दुसऱ्यांदा म्हटलं, आपणच करू. ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तक काढून दिलं. त्यात लिहिलं होतं की गव्हाच्या पिठाचा गोळा भिजवून नळाखाली धूत राहायचं, पांढरा चीक सगळा निघून गेला की जे रबरासारखं उरतं ते मांसाच्या जागी चालतं. मी दहा पौंड पीठ घेतलं. (हसू नकोस. पक्षी म्हटला की वीस पौंडांच्या खाली मला विचारच करता येत नाही, त्यात मी निम्म्यावर आलो होतो.) तीन तास धूत होतो. चीक निघाला आणि सरळ मोरीच्या नळीत जाऊन खळीसारखा घट्ट बसला. पाणी तुंबलं, स्वयंपाकघरात आलं, तिथून बैठकीत. नळी मोकळी करायला एलरॉयला बोलवावं लागलं. तो नळीत हात घालून पांढरे लगदे काढत होता आणि मी काहीबाही सांगत होतो, पण ओट्यावर पुस्तक उघडं पडलं होतं आणि एलरॉयला वाचता येतं, हे माझं दुर्दैव. रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला सगळ्या गावाला माहीत. कुणी एक शब्द विचारला नाही, आपल्याकडे विचारत नाहीतच, फक्त पाद्रीबाबांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, घरात कुणी गेल्यावर धरतात तसा.

तेव्हा हार मानून टेक्लाला फोन केला. ताई, ही पोर दहा वर्षांची आहे आणि तिला माझ्यापेक्षा सगळं जास्त कळतं. तिने सांगितलं की चीक काढलेलं तयार पीठ पाकिटात मिळतं, त्यात सोयाबीन नि मशरूम वाटून घालायचं, कपड्यात बांधून उकडायचं, मग भाजायचं. मी म्हटलं, बाळ, सोयाबीन मी टर्क्यांना घालतो. तर म्हणाली, “मग टर्की सोयाबीनचीच झाली ना, आजोबा? आपण फक्त मधली टर्की गाळतोय.” बेचाळीस वर्षांच्या धंद्याचा तिने एका वाक्यात निकाल लावला. त्यानंतर दर रविवारी फोन करायचो. पाककृती मला पहिल्याच दिवशी पाठ झाली होती, तरी मुद्दाम वेड्यासारखं विचारायचो, की कपडा कुठला घ्यायचा, गाठ डावी की उजवी. तेवढाच तिचा आवाज ऐकू यायचा. कधी कधी मागून मारेनचा आवाज यायचा, कोण आहे गं म्हणून, आणि मग मला पुढचा प्रश्न आठवायचाच नाही.

असा कालचा दिवस उजाडला. तिसरा गोळा उत्तम झाला होता, खरंच सांगतो, सोनेरी, गोल, थोडा टर्कीसारखाही. एलरॉय जेवायला येणार होता (त्याची बायको गेल्यापासून येतो), म्हणून एक लहानसा खरा पक्षीही केला होता. भट्टीत वरच्या कप्प्यात पक्षी, खालच्यात गोळा, दोघांची ताटं वेगळी, गोळ्यावर शिंपडायला लोणी-मसाल्याचं पाणी वेगळं. दर अर्ध्या तासाने भट्टी उघडायची, रबरी फुग्याच्या पिचकारीने ताटातला रस ओढायचा आणि वरून सोडायचा. हे काम मी झोपेतही करू शकतो. आणि तसंच केलं! दोन वाजता मी टर्कीच्या ताटातला रस ओढला, पक्ष्यावर सोडला, आणि हात आपला आपण खाली गेला आणि उरलेला सगळा त्या गोळ्यावर सोडून मोकळा झाला. गोळा मस्त चमकत होता. रस मुरला, डागसुद्धा राहिला नाही. दुसरा करायला वेळ नव्हता, पीठही नव्हतं. मी भट्टीचं दार लावलं आणि मनाशी म्हटलं, कुणाला कळणार आहे?

आता ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच वाक्य मनाशी म्हटलं होतं. मारेनने तेव्हा नुकतंच मांस सोडलं होतं आणि मला तो माझ्या धंद्याचा, माझ्या बापाचा, सगळ्यांचा अपमान वाटला होता. मी तिला मशरूमची म्हणून टर्कीची ग्रेव्ही वाढली. तिने दोनदा घेतली, छान झाली म्हणाली. आणि मग मी साऱ्या पाहुण्यांसमोर सांगितलं आणि हसलो. सगळे हसले. ती उठली, टेक्लाला कोट घातला आणि गेली. गोड यायचं होतं अजून.

तर काल चार वाजता त्या दोघी आल्या. मारेनचे केस कानापाशी पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच वाजता टेबलावर बसलो. टेक्ला एकेका भांड्याकडे बोट करून हळूच विचारू लागली, यात काय आहे. घेवड्यात काय? खारवलेलं डुकराचं मांस, लोरेन घालायची तेवढंच, चिमूटभर. पावाच्या सारणात? कोंबडीचं पाणी. रताळ्यावर मार्शमेलो होते, ते तरी निव्वळ साखर, असं मी छातीठोकपणे म्हणालो, तर तिने कचऱ्यातून पाकीट काढून वाचून दाखवलं, जिलेटीन, म्हणजे हाडांचं. गोडाला केलेल्या ‘पाय’च्या पारीत चरबी. ताई, मी दोन महिने त्या एका गोळ्याच्या मागे लागलो आणि बाकीच्या ताटाकडे बघितलंसुद्धा नाही! पोर बिचारी मलाच समजावत होती, की असू दे आजोबा, आपला गोळा आहे ना. मारेनने त्याचा एक काप टेक्लाच्या ताटात वाढला. टेक्लाने काटा लावला, तुकडा उचलला, आणि माझ्याकडे बघून हसली.

मी म्हटलं, “थांब. खाऊ नकोस.”

मग सांगितलं. पिचकारीचं, हाताचं, सगळं. मारेन म्हणाली, “कधी कळलं तुम्हाला?”

“दोन वाजता.”

“आता पाच वाजलेत, बाबा.”

“हो,” मी म्हटलं. तेवढ्यात एलरॉय म्हणाला, “तरीच! मी मघाशी दोन काप चाखले, म्हटलं चव फार ओळखीची लागतेय.” कुणी हसलं नाही.

टेक्लाने पाव खाल्ले, चार, लोणी लावून, आणि क्रॅनबेरी. मारेनने दोन. बर्फ वाढेल म्हणून सातला निघाल्या. आपल्याकडे सणाला आलेलं माणूस डब्याशिवाय जात नाही. मी डबा घेऊन उभा राहिलो, आणि त्यात भरायला माझ्या घरात काही नव्हतं. दारात मारेन म्हणाली, “बरं, येतो आम्ही.” टेक्लाने मिठी मारली. मी गाडीचा लाल दिवा वळणापर्यंत बघितला आणि आत येऊन भांडी घासली. संपलं सगळं, ताई. पुन्हा कशाला येतील त्या? चार वर्षांनी पोरगी आली आणि बापाने तिला पाव खाऊ घातला.

तुझा दुर्दैवी भाऊ,
आर्नुल्फ

ता. क. त्या मुरंब्याची आणखी एक बरणी पाठव. टेक्लाला चालेल का, ते आधी बरणीवर वाचून बघ.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. तू मारेनची आत्या आहेस, तुझं ती ऐकते. तिला कळव की त्या ग्रेव्हीचं मला वाईट वाटतं. तेव्हाच वाटलं होतं, तिचा टेक्लाला कोट घालून होण्याआधीच. काल सांगायचं होतं, पण मी दारात डबा घेऊन उभा होतो आणि तोंडातून ‘गाडी जपून चालव’ एवढंच निघालं. तू नीट शब्दांत सांग. तुला येतं.

ता. क. ३. मारेन, पाकिटावर पत्ता तुझा आहे, चूक झालेली नाही. तुला म्हणून लिहायला बसलं की माझा हात चालत नाही, आत्याला लिहायचं म्हटलं की चालतो, म्हणून असं केलं. तिला नंतर वेगळं लिहीन. त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, आणि मी हसलो. चुकलो मी, बाळ.

बाबा