उलटे पंखे

मंगळवार, ४ मार्च

भिंत त्याचीच आहे. पैजेवर सांगते!

आमच्या इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर एक बाई आहे. तोंड कधी बंद नाही, म्हणून सगळे तिला शिट्टी म्हणतात. परवा रविवारी ती एका दिवसाच्या सहलीला गेली होती, डोंगरातली खेडी बघायला. आज जेवणाच्या सुट्टीत फोटो दाखवत बसली. ही मी, हा डोंगर, ही परत मी, ही बकरी. मी हं हं करत होते. एका फोटोत तिच्या मागे पांढरी भिंत. मी डबा सारून तिचा मोबाइलच ओढून घेतला.

गिलावा सपाट करायला लाकडी रंधा फिरवला की हाताचे अर्धगोल उमटतात. बाबा गवंडी, ते त्यांना पंखे म्हणायचे. उजव्या हाताचे पंखे एकीकडे झुकतात, डावखुऱ्याचे दुसरीकडे. धाकट्याचे उलटे. बाबा त्याच्या डाव्या हातावर थापी हाणायचे — "सरळ काढ, गाढवा!" मी खाली घमेलं घेऊन उभी. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

सहा वर्षं पत्ता नाही, मोबाइल बंद. आणि भाऊ सापडतोय कुठे, तर शिट्टीच्या कानामागे!

बुधवार, ५ मार्च

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सांगून बसले. माझ्या पोटात काही राहत नाही.

तिचे पाय गेलेत, डोळे अधू, कान मात्र तिखट. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले होते, "उन्हाळा काढतील असं वाटत नाही." आज ती म्हणाली, "घेऊन ये त्याला. तोवर मी थांबते." जशी काही बस थांबवून धरलीय!

मग त्याच्या लहानपणात शिरली. शाळेत निघाला की जिन्यातून ओरडायचा — "जातो!" आई मागून — "जातो नाही रे मेल्या, येतो म्हण!" तो मुद्दाम दुप्पट जोराने — "जाऽतो!" मोठा झाला तरी तेच.

शेवटचं मात्र ती बोलत नाही. मीही नाही. बाबांच्या मातीला तो दोन दिवस उशिरा पोचला. कामावर होता म्हणे, निरोप मिळाला नाही म्हणे. मी ऐकूनच घेतलं नाही. म्हटलं, "पुन्हा या दारात दिसलास तर याद राख." त्याने खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. म्हणाला, "जातो." आई त्या दिवशी मागून ओरडली नाही.

शनिवार, ८ मार्च

शिट्टीच्याच सहलीचं उद्याचं तिकीट मिळालं. चाकावरची सीट. आईने त्याचा जुना स्वेटर बांधून दिलाय, डोंगरात गार असतं म्हणून. सहा वर्षं काय उघडाच हिंडत असेल तो? पण कोण वाद घालणार!

सोमवार, १० मार्च

रजा टाकली. आई झोपलीय. कालचं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

तीन गावं, प्रत्येकी चाळीस मिनिटं. सहलीचा माणूस शिट्टी फुंकून सांगायचा — "फोटो काढा, मध घ्या, गाडी थांबणार नाही!" पहिल्याच गावात ती भिंत. मी हात लावला. घरातला म्हातारा बाहेर आला. "डावरा ना? दोन वर्षं झाली. गमतीशीर होता हो! वरच्या गावात गेला." दुसऱ्या गावात तीन घरांवर उलटे पंखे. माझे पाय जमिनीवर ठरेनात. गाडीत शेजारणीला सांगून टाकलं, भावाकडे चाललेय. काय बोलायचं ते घोकत होते. आधी रागावायचं, मग माफी मागायची. की उलट?

तिसरं गाव. टोकाचं घर. गिलावा वरून खाली येतो. वरच्या अर्ध्या भिंतीवर उलटे पंखे. मग एक आडवा सांधा, आणि खाली सगळे सरळ.

मला तिथेच कळलं. गिलावा ओला असताना गवंडी काम सोडत नाही. बाबा जेवायलासुद्धा उतरायचे नाहीत.

घरातली बाई पदराला हात पुसत आली. परांचीची दोरी निसटली, वरून पडला म्हणाली. एकोणीस दिवस झाले. "कोणाला कळवायचं तेच कळेना, ताई. विचारलं की म्हणायचा, घरचं कोणी नाही." तिनेच नेऊन दाखवलं. घरामागच्या उतारावर मातीचा उंचवटा. पाटी नाही. खालून शिट्टी वाजत होती.

तो दोन दिवस उशिरा आला म्हणून मी त्याला हाकललं. मी एकोणीस दिवस उशिरा पोचले.

स्वेटर त्या बाईला देऊन टाकला. परत आणला असता तर आईने हात लावताच ओळखलं असतं. गाडीत शेजारीण म्हणाली, "झाली का भेट?" मी हो म्हटलं. तिथूनच खोटं सुरू झालं. चार तास मनात तालीम केली.

काल आईला एवढंच म्हटलं, "भेटला. दमलेय, मग सांगते."

मंगळवार, ११ मार्च

सांगितलं. तो जाड झालाय. दाढी ठेवलीय. स्वेटर तिथल्या तिथे घातला, जरा घट्ट होतो. एक भिंत अर्धी राहिलीय, ती झाली की सुटेल. तुझी सारखी चौकशी करत होता. माझ्यावर राग नाही त्याचा. हे शेवटचं म्हणताना आवाज फाटला, तर खोकल्यासारखं केलं.

आई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "निघताना काय म्हणाला?"

याची तालीम नव्हती. तोंडातून निघून गेलं — "येतो म्हणाला."

तिने माझा हात थोपटला. पुढे काही विचारलं नाही. पचलं बहुतेक. देवा, पचलं!

बुधवार, १२ मार्च

सकाळी चहा दिला. आई म्हणाली, "तो जन्मात कधी 'येतो' म्हणाला नाही." मग कप खाली ठेवला आणि विचारलं, "किती दिवस झाले?"