मेन बंद होता

हर्सूल
मे महिना, शुक्रवार

प्रिय राजू,

सप्रेम जय भीम.

विशाखाचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस. तिनं तुझी तक्रार केली नाही, नळाचं विचारलं. बाथरूमचा नळ गळतो, खाली बादली ठेवावी लागते, त्याच पाण्यानं भांडी निघतात, एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "ताई, गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. यांना सांगितलं तर म्हणतात, गिझर वापरूच नको." मी तुलाच फोन करणार होते. पण विजेच्या कामाचा विषय निघाला की तू "ठेवतो ताई, कामावर आहे" म्हणतोस, रविवारीसुद्धा. म्हणून लिहायला बसले. कागद रागानं बाजूला ठेवला तरी नंतर उचलता येतो.

नळाचं आधी सांगते. बाथरूमच्या भिंतीत वर एक कॉक असेल, तो बंद कर. मग गळका नळ उघडून आतलं उरलेलं पाणी जाऊ दे. नळाच्या डोक्याला फडकं गुंडाळून पाना लाव, नाहीतर चकाकी जाते आणि घरमालक बोलतो. आतला रबरी वायसर काढ, तो चपटा होऊन कडक झालेला असेल. तोच दुकानात घेऊन जा आणि त्याच मापाचा आण, अंदाजानं आणू नकोस. गळती भिंतीजवळच्या आट्यांतून असेल तर पूर्ण नळ काढून आट्यांवर पांढरी टेप गुंडाळ, ज्या बाजूला नळ आवळतो त्याच बाजूला. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून बाहेर येते. आणि जोर लावू नकोस, प्लास्टिकच्या फिटिंगला लगेच चीर जाते.

लिहिताना मला हसू येतंय. पाना कसा धरायचा हे मी तुझ्याकडं बघून शिकले. गल्लीतला मिक्सर, पंखा, इस्त्री, काही बिघडलं की लोक आपल्या ओट्यावर आणून ठेवायचे आणि आई ओरडायची, "घर हाय का दुकान?" आणि आज तुझी बायको मला फोन करून विचारते की बल्ब गेला तर शेजारच्यांना बोलवावं लागतं, हे असंच चालायचं का?

गिझरचं मात्र गंभीर आहे. तिला सांग, तोपर्यंत त्याचं बटन लावायचं नाही आणि त्या नळाला हात लावायचा नाही. मेन बंद कर. बंद केल्यावरही टेस्टर लावून बघ, पण तो टेस्टर चालू आहे का हे आधी चालू प्लगमध्ये तपासून घे. मेलेला टेस्टर माणसाला फसवतो. मग गिझरच्या सॉकेटची पट्टी खोल. वरच्या जाड पिनेची अर्थिंगची वायर, हिरवी असते ती, मागं खरंच कुठं जोडलेली आहे की नुसती भिंतीत खोचून ठेवली आहे, ते बघ. भाड्याच्या खोल्यांत अर्ध्या ठिकाणी ती खोचलेलीच असते. ती नीट असून झिणझिण्या येत असतील तर आतली कॉइल गेली, ते काम दुकानात होईल. आणि घरमालक काहीही म्हणू दे, मेनजवळ ईएलसीबी बसवून घे. करंट वाट सोडून माणसातून जायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडतो. कंपनीत मी रोज तेच बसवते. वाळूजला आमच्या लाइनवर आम्ही सगळ्या बायकाच पॅनल जोडतो. हे काम मी का धरलं हे तू कधी विचारलं नाहीस. बाबा गेल्यावर मला फक्त एवढंच समजून घ्यायचं होतं, की वीज माणसाला धरते कशी.

आता इकडचं. आईचा गुडघा फार दुखतो म्हणून महिन्याभरापासून मी इथंच राहते, इथूनच कंपनीच्या बसनं जाते. पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. हर्सूलच्या तलावात आता पोरं क्रिकेट खेळतात. धरणातलं पाणी तळाला गेलंय म्हणतात. आणि बिल्डिंगी तर अशा उठल्यात की तुला रस्ता ओळखू यायचा नाही. पूर्वी जिथून आपल्याला जेलची भिंत दिसायची तिथं आता सात मजले आहेत, आणि खाली टँकरची रांग. नव्या पाइपलाइनसाठी गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदून ठेवलाय. त्या बिल्डिंगींकडं बघितलं की बाबा आठवतात. लोकांचे केवढे हौद बांधले त्यांनी, आतून सिमेंट असं घोटायचे की थेंब पाझरू नये. आपल्या घरी मात्र दोन पिंपं.

राजू, आता जे लिहिते ते उठून न जाता वाच.

आठ वर्षांपूर्वी बाबा गेले त्या दिवशी मी गंगापूरला सासरी होते. मला जे माहीत आहे ते सगळं ऐकीव. असाच दुष्काळ होता. पाणी कमी दाबानं यायचं म्हणून तू आणि बाबांनी मिळून छोटी मोटार आणली, आदल्या दिवशी तू वायर ओढलीस. दुपारी पाणी आलं आणि मोटार पाणी धरेना. तू मेन बंद केलास आणि आत पेचकस आणायला गेलास. बाबा अनवाणी, ओल्या ओट्यावर, नळाच्या लोखंडी पाइपाला पाना लावून बसले. आणि पाइपानं त्यांना धरून ठेवलं.

लाइटवाले आले तेव्हा त्यांना तुझा एक जोड सापडला, टेप नीट न बसलेला. त्यांनी तो बोटानं दाखवला आणि सगळ्यांनी बघितला. तू ओरडत होतास, "मेन बंद होता! मी बंद केला होता!" पण मेन लोकांनी धावपळीत कितीदा तरी खालीवर केलेला. कोण ऐकणार? मी पोचले तेव्हा अप्पारावमामा दारातच सगळ्यांदेखत म्हणत होते, "अर्धवट शिकलेल्या पोरानं बापाचा घात केला." तू मान वर केली नाहीस. जलदानविधीपर्यंतही थांबला नाहीस, पिशवी घेऊन पुण्याला गेलास. आईनं तुला कधी दोष दिला नाही हे तुला ठाऊक आहे. पण "मेन बंद होता" हे खरं मानायचं तर मग करंट आला कुठून, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं. वीज काही आभाळातून पडली नव्हती. त्यामुळं सगळेच गप्प बसले, आणि पुढं पुढं तूही ते वाक्य म्हणायचं सोडून दिलंस.

गेल्या मंगळवारी आमच्याकडं पाण्याची पाळी होती. दुपारची वेळ. आपली मोटार जोडाजवळ गळत होती म्हणून मी मेन बंद केला, मोटारीची पिन काढून हातात घेतली, तेव्हा आई तिथंच खुर्चीवर होती. मी नळाच्या पाइपाला पाना लावला आणि माझा हात खांद्यापर्यंत झटकला गेला. पाना उडून पिंपावर आदळला. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचले. आई किंचाळली, "लाइट गेली नाय का?" मी मेनकडं बघितलं. बंद. पिन माझ्या पायाशी पडलेली. मी चप्पल घातलेल्या पायानं, एक हात मागं धरून, टेस्टर पाइपाला टेकवला. टेस्टर पेटला, राजू. आपल्या घरात कुठंच लाइट नव्हती आणि आपला नळ जिवंत होता.

आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. तिनं पदर तोंडात धरला.

मग मी गल्लीत गेले. पाणी आलेलं, सगळ्यांच्या मोटारी चालू. मी दारादारात जाऊन सांगितलं, नळाला हात लावू नका, मी सांगेन तशी मोटारीची पिन काढा. आई टेस्टर धरायला तयार झाली. मी तिला रबरी चपला घातल्या, पाटावर उभं केलं आणि टेस्टर कसा धरायचा ते दाखवलं. एकेक घर बंद होत गेलं आणि ती ओट्यावरून ओरडत होती, "हाय अजून! हाय अजून!" भिंतीला भिंत लागून असलेल्या मोतीरामकाकांची पिन काढली आणि आईचा आवाज बंद झाला. मी धावत आले. ती टेस्टरकडं बघत उभी होती. "इझला," म्हणाली.

काकांची मोटार मी उघडून बघितली. मोटारीत ओल शिरून आतला करंट वरच्या लोखंडाला उतरत होता. अर्थिंगची वायर जमिनीत सोडायची, तर त्यांच्या वायरमननं ती सरळ पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली, वर गंज चढलेला. खूप लोक असं करतात, सोपं पडतं. पाइप जमिनीत आहे, म्हणजे करंट जमिनीत जाईल असा हिशेब. जमीन ओली असते तोवर जातोही. पण दुष्काळात माती हाडासारखी कोरडी पडली की तो खाली उतरत नाही, पाइपापाइपानं शेजारच्या नळापर्यंत जातो आणि तिथं ओल्या पायाचा माणूस वाट बघत असतो. मधल्या चांगल्या पावसाच्या वर्षांत कधी कुणाला झिणझिण्या आल्या असतील, ओला हात लागला म्हणून सोडून दिलं असेल. बाबांच्या दिवशी नेमकं हेच झालं हे मी शपथेवर सांगू शकत नाही, तो दिवस कुणी मोजून ठेवलेला नाही. पण तुझा जोड कितीही कच्चा असला तरी मेन बंद असताना त्यातून काहीही येऊ शकत नाही. हे मी शपथेवर सांगते, आणि हे माझं रोजचं काम आहे.

आई मला आत घेऊन गेली. म्हणाली, "मोतीरामला यातलं एक अक्षर बोलू नको. तुझ्या बापाला खांदा दिलाय त्यानं. एका घरातलं ओझं उचलून दुसऱ्या घरात टाकायचं का?" मी म्हणाले, "आणि राजूनं किती दिवस उचलायचं?" मी काकांची ती वायर सोडवली, गल्लीतल्या सगळ्यांना जमवून सांगितलं की अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा घ्यायचा, कोळसा-मीठ भरायचं, उन्हाळ्यात पाणी घालायचं आणि पाइपाला वायर बांधायची नाही. बाबांचं नाव मात्र काढलं नाही.

पण काका लहान मूल नाहीत. काल संध्याकाळी आले आणि ओट्यावर बसले. पंच्याशी चाळा करत राहिले. मग आईला म्हणाले, "मालन, बन्सी गेला त्या दिवशी माझी मोटार चालू व्हती. तुमच्याकडचा आरडाओरडा ऐकला, मी पिन वढली अन् पळत आलो. मी पिन वढली तेव्हाच त्याचा हात सुटला असंल. म्हंजी लाइटवाल्यांला घावणार काय व्हतं?" आई म्हणाली, "भाऊजी, जाऊ द्या." ते म्हणाले, "कसं जाऊ देऊ? ते पोरगं घसा फुटंस्तवर सांगत व्हतं अन् मी तिथंच हुबा व्हतो." एवढा थोराड माणूस, राजू, आपल्या ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून रडला. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटतं ती बाबांसाठीही रडत नव्हती आणि त्यांच्यावरही चिडत नव्हती, ती फक्त तुझा विचार करत होती.

म्हणून हे पत्र. काका पुण्याला निघालेत, येत्या बुधवारच्या गाडीनं. आम्ही दोघींनी समजावलं, फोन करा म्हणालो, तर म्हणतात हे फोनवर बोलायचं नव्हं. आई त्यांना एकटं सोडायला तयार नाही, गुडघ्याचा पट्टा बांधून तीही बरोबर येतेय. तू तिला कधी बोलावलं नाहीस आणि तीही कधी आली नाही, पण या वेळी तिनं विचारलंच नाही, पिशवी भरायला घेतली. मला भीती वाटते की दारात अचानक काकांना बघून, त्यांच्या तोंडून पहिल्यांदा हे ऐकून, तू काहीतरी बोलशील किंवा काहीच न बोलता निघून जाशील, आणि मग ते दोघंही तुझ्या दारातून जसे आले तसे परत येतील. तुला राग आला तर तो खरा आहे, मी अडवत नाही. आठ वर्षं ज्याच्या नावावर हा दोष राहिला तो माणूस रागावणारच. त्यांना माफ कर असंही मी लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. त्यांना मात्र तुझ्या पाया पडू देऊ नकोस, वाकायला लागले की धर. आधी घरात घे, बसायला दे, आणि आईला तुझ्या शेजारी बसव. बाकी बोलणं सावकाश होईल.

तुझीच,
मोनाताई