औंदा तरी समुद्र बघायला ये

तीर्थरूप अव्वास,
कोचीहून तुझ्या विरेशचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय, वेळेवर जेवतो. पावसामुळं आमच्या लॉजवर गिऱ्हाईकच न्हाय. दिवसभर बोलायला कुणी नसतं. म्हणून म्हणतो, आत्ताच ये. जुनं शहर निवांत बघू, मग बोटीनं बेटावर जाऊ. समुद्राला वाहायला नारळ आणू नकोस, इथं ढीग हाय. ज्वारीचं पीठ तेवढं आण.

ठाऊक हाय, उमरग्याकडं पेरणी चालू असंल. तुम्हाला सवड होती तवा इथं गर्दी असती. दरसाल असंच होतंय. अण्णांचा गुडघा कसाय? म्हैस व्याली का?

कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत मी रोज दिवा लावतो. काल मालकानं विचारलं, "तिथं कोण उतरलंय?"

म्हणलं, "माझी आई यायचीय."

तुझा लेक,
विरेश